‘करून टाकू’ म्हणणाऱ्या सर्जनला काय विचारायचं?

प्रश्न: कोल्हापुरातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील बदलून थोडक्यात सांगते. त्यांचा धाकटा भाऊ 29 वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर. चार वर्षांपूर्वी पोटात उजवीकडे दुखायला लागलं, अपेंडिक्स म्हणून ऑपरेशन झालं. दुखणं थांबलं नाही. मग आतड्याचा टीबी म्हणून सहा महिने गोळ्या झाल्या. वजन 68 वरून 52 वर आलं. शेवटी कोलोनोस्कोपी, म्हणजे शौचमार्गातून दुर्बीण घालून आतड्याची तपासणी झाली आणि क्रोन्सचं निदान झालं, म्हणजे आतड्याला सूज आणि जखमा करणारा, वर्षानुवर्षं टिकणारा आजार. तेव्हापासून दोन वर्षं स्टेरॉइड कधी चालू, कधी बंद. आताच्या एमआर एन्टेरोग्राफीत (आतड्यांच्या एमआरआयत) लहान आतड्याच्या शेवटच्या भागात 12 सेंटिमीटरचा अरुंद झालेला पट्टा दिसलाय आणि तिथून मोठ्या आतड्याच्या सिग्मॉइड भागात आरपार पडलेली वाट, म्हणजे फिश्चुला. अपेंडिक्स काढणारे सर्जन म्हणतात, “पुढच्या आठवड्यात करून टाकू.” मामा म्हणतात, त्यांच्याकडेच करा, माणूस देव आहे. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, रोबोटने करून घ्या. वडील म्हणतात, रान विकू पण मुंबईच गाठू. आईला एकच भीती, शौच गोळा करायची पिशवी पोटावर आली तर लग्न कसं व्हायचं. ताई विचारतात: “सिस्टर, या आजाराचा सगळ्यात चांगला सर्जन कोण, एक नाव सांगा. आणि इतक्या वर्षांच्या डॉक्टरांना सोडून दुसरीकडे गेलो तर ती बेइमानी होईल का?”

ताई, नाव सांगणार नाही. राग मानू नका. तुमच्या भावाची फाईल मी पाहिलेली नाही, आणि मी डॉक्टरही नाही. सर्जरीच्या वॉर्डात 31 वर्षं सिस्टर होते, एवढंच. पण त्या 31 वर्षांत एक गोष्ट इतक्या वेळा पाहिली, की ‘सगळ्यात चांगला सर्जन कोण’ हा प्रश्न ऐकला की मला हुरहूर लागते.

तुम्ही कोल्हापूरच्या. खासबागेत कुस्ती लावताना वस्ताद ‘सगळ्यात भारी पैलवान कोण’ एवढंच बघत नाही. समोर कोण आहे, वजन किती, कुठला डाव कुणाच्या अंगात मुरलाय, हे बघून जोड लावतो. आमच्या वॉर्डात एक सर्जन होते. पित्ताशयाची, हर्नियाची ऑपरेशनं अशी करायचे की पेशंट तिसऱ्या दिवशी चालत घरी. तेच सर्जन एकदा क्रोन्सच्या पोटात शिरले आणि साडेपाच तास बाहेर आले नाहीत. हात तोच होता, पण आतडी एकमेकांना चिकटून दगडासारखी झालेली, आणि कुठं थांबायचं हे ठरवायची सवय नव्हती. नंतर ते स्वतःच म्हणाले, “पुढचा असा पेशंट मी पाठवणार.” माझ्या लेखी त्यांचा मान त्या दिवशी वाढला.

तेव्हा तुमच्या सर्जनबद्दल मला वाईट बोलायचं नाही. अपेंडिक्सच्या वेळी त्यांनी चूक केली असं पत्रात आडून आडून लिहिलंय, तेही मला पटत नाही. क्रोन्स बहुतेकदा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला बसतो, अपेंडिक्सच्या अगदी शेजारी. दुखतं त्याच जागी, तापही तसाच. टीबीच्या गोळ्यांचंही तेच. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोघांनाही तीच जागा आवडते, बायोप्सीत दोन्हींमध्ये तशाच गाठी दिसू शकतात, आणि आपल्याकडे टीबी इतका आहे की आधी टीबीचं औषध देऊन बघणं ही आपल्या देशात रुळलेली पद्धत आहे. मात्र दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का, हे बघायचं असतं. तसं बघितलं होतं का, ते फाईलमध्ये शोधा. रागासाठी नव्हे. पुढचा डॉक्टर पहिल्याच भेटीत हे विचारेल म्हणून.

आता ‘करून टाकू’ या दोन शब्दांकडे येऊ. घरचे ते ऐकून सुटल्यासारखे झाले असतील. मी मात्र तिथेच थबकले. क्रोन्स हा कापून संपणारा आजार नाही. अरुंद झालेला भाग काढला की त्रास थांबतो, वजन भरतं, माणूस कामाला लागतो, हे सगळं खरं. पण जिथे नवा सांधा जोडला तिथेच, बहुधा त्याच्या अलीकडच्या बाजूला, आजार परत येण्याची शक्यता राहते. म्हणून ऑपरेशननंतर साधारण सहा महिने ते वर्षाच्या आत पुन्हा कोलोनोस्कोपी करून सांधा तपासतात, आणि बऱ्याच जणांना औषध चालूच ठेवावं लागतं. याचा अर्थ आतडं हे पुरवून वापरायचं धन आहे. लहान आतडं साधारण सहा मीटर असतं, आणि दोन मीटरच्या खाली गेलं की अन्न अंगी लागेनासं होतं. 29 वर्षांच्या मुलाला पुढच्या चाळीस वर्षांत आणखी एक-दोनदा ऑपरेशन लागू शकतं, हे मनात धरून पहिल्यांदा कात्री चालवणारा माणूस तुम्हाला हवाय.

याच मुद्द्यावर कॅन्सरच्या सर्जनची सवय आणि क्रोन्सच्या सर्जनची सवय वेगळी पडते. कॅन्सरमध्ये आजाराच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा सोडून कापतात. क्रोन्समध्ये तसं करून फायदा नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने 1996 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. काही रुग्णांमध्ये आजारी भागापलीकडे 2 सेंटिमीटर चांगलं आतडं काढलं, काहींमध्ये 12 सेंटिमीटर. आजार परत येण्यात फरक पडला नाही. नुसत्या अरुंद जागा असतील तर काही वेळा आतडं न कापता ती जागा उभी चिरून आडवी शिवतात आणि वाट रुंद करतात. याला स्ट्रिक्चरप्लास्टी म्हणतात. ही युक्ती आपल्याकडच्या सर्जननी टीबीने आवळलेल्या आतड्यांसाठी वापरली आणि 1977 साली छापून आणली, क्रोन्ससाठी ती नंतर जगभर गेली. तुमच्या भावाच्या फिश्चुलाच्या जागी ती बहुधा चालणार नाही. पण पोट उघडल्यावर वर आणखी एखादी अरुंद जागा सापडली तर उपयोगी पडू शकते, म्हणून सर्जनला ती येते का, हे विचारायला हवं.

थोडं विषयांतर करते. ‘फिश्चुला’ शब्द ऐकून कुणीतरी तुम्हाला क्षारसूत्र किंवा लेझरचा बोर्ड दाखवेल. हायवेला दर दोन किलोमीटरवर एक असतो. तो भगंदर वेगळा. तो गुदद्वाराशेजारचा. तुमच्या भावाचा फिश्चुला पोटाच्या आत एका आतड्यातून दुसऱ्यात गेलाय. नाव एक असलं तरी काम अगदी वेगळं. (आणि क्रोन्स असलेल्याला पुढे कधी भगंदर झालाच, तर तोही आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवायचा, परस्पर कापून घ्यायचा नाही.)

मग माणूस शोधायचा कसा? सर्जनपासून सुरुवात करू नका. पोटविकाराच्या फिजिशियनपासून करा, ज्यांच्या पाटीवर डी.एम. गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी असतं. ते ऑपरेशन करत नाहीत, पण ऑपरेशन झालेले पेशंट वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच येतात. कुणाचा सांधा टिकला, कुणाचा गळला, कुणी गरजेपेक्षा जास्त कापलं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्यांना ‘चांगला सर्जन सुचवा’ म्हणू नका, ओळखीचं कुणाचंही नाव येईल. विचारा, “तुमच्या घरात कुणाला हे झालं असतं तर कुणाकडे पाठवलं असतं?” मग गप्प बसा. पहिलं नाव यायला लागणारा वेळही काहीतरी सांगतो. भूलतज्ज्ञ किंवा आयसीयूतली सिस्टर ओळखीची असेल तर तिलाही विचारा. ती पडद्यामागून बघते. इंटरनेटवरच्या चांदण्यांवर जाऊ नका. मूळव्याधीच्या चार हजार खूश पेशंटनी दिलेल्या चांदण्या तुमच्या भावाच्या कामाच्या नाहीत.

पाटीवरच्या अक्षरांबद्दल. एम.एस. म्हणजे सर्वसाधारण शल्यचिकित्सा. त्यानंतर आणखी तीन वर्षं पोटाच्या सर्जरीचं शिक्षण घेतलं की एम.सीएच. सर्जिकल गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी, किंवा त्याच तोडीची राष्ट्रीय बोर्डाची पदवी. एफ.एम.ए.एस., एफ.आय.ए.जी.ई.एस. अशी जी लांबलचक माळ असते ती दुर्बिणीच्या सर्जरीच्या छोट्या, काही दिवसांच्या प्रशिक्षणांची. ती वाईट नाहीत, पण त्यांच्यावरून क्रोन्सचा अनुभव कळत नाही. आणि एम.सीएच. हासुद्धा उंबरठाच. एखाद्याची सगळी उमेद लिव्हर आणि स्वादुपिंडात गेलेली असते. म्हणून तोंडावर विचारावंच लागतं.

हे विचारायला लाज वाटते, मला माहीत आहे. आपल्याकडे डॉक्टरला ‘तुम्ही किती केलीत?’ विचारणं म्हणजे आचाऱ्याला तांबडा रस्सा येतो का विचारण्यासारखं. तरी विचारा. गेल्या वर्षभरात क्रोन्सची किती ऑपरेशनं केलीत? (पोटाची किती, असं नाही.) सिग्मॉइडचा तुकडा काढणार की नुसतं भोक शिवणार, आणि ते कशावरून ठरवणार? बऱ्याचदा मूळ आजार लहान आतड्यात असतो आणि सिग्मॉइड बिचारं शेजारी म्हणून सापडलेलं असतं. तसं असेल तर नुसती दुरुस्ती पुरते. पण आधी कोलोनोस्कोपीत तो भाग निरोगी दिसायला हवा. पाचव्या-सहाव्या दिवशी सांधा गळला तर रात्री दोन वाजता कोण येणार? आयसीयू तिथेच आहे का, स्कॅन बघून सुईने पू काढणारा रेडिओलॉजिस्ट आहे का? आणि पुढची औषधं कोण बघणार?

उत्तरांपेक्षा उत्तर देण्याची रीत जास्त बघा. “अशी वर्षाला दोन-तीनच येतात, तुम्ही अमुककडे जा” म्हणणारा प्रामाणिक. “दुर्बिणीने सुरू करू, पण चिकटलेलं असेल तर पोट उघडावं लागेल” म्हणणारा प्रामाणिक. “काही होत नाही हो” म्हणणाऱ्याला नमस्कार करून या. रोबोटचं म्हणाल तर ते हत्यार आहे. धरणाऱ्याला क्रोन्स कळत असेल तर छान, नाहीतर महागडं हत्यार.

बेइमानीबद्दल. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 साली केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलाय. पण तुम्हाला कायद्याची नाही, तोंडाची भीती आहे. मामांना पुढे करू नका, ते भावनिक होतील. तुम्हीच जा आणि म्हणा, “सर, विश्वास आहे म्हणूनच आलोय. मोठं ऑपरेशन आहे, घरच्यांच्या समाधानासाठी आणखी एकाला दाखवायचंय. कुणाला दाखवू ते तुम्हीच सांगा, आणि त्यांच्याशी एकदा फोनवर बोलाल का?” चांगला सर्जन चिडत नाही. थोडा हिरमुसेल, मग चिठ्ठी लिहील. आणि चिडलाच, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर फुकटात मिळालं.

जाताना कागद पुरे न्या. डिस्चार्ज कार्ड म्हणजे ऑपरेशन नोट नव्हे. अपेंडिक्सच्या दिवशी पोटात सर्जननी काय पाहिलं, आतड्याबद्दल एखादी ओळ लिहिली का, हे ऑपरेशन नोटमध्ये असतं. ती मागा. बायोप्सीचा नुसता रिपोर्ट नको, काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळेही घ्या, म्हणजे टीबी की क्रोन्स हे दुसरा पॅथॉलॉजिस्ट पुन्हा बघू शकेल. एमआरआयच्या फिल्मसोबत सीडी घ्या. लेखी मागणी केल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यायची असतात, हा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. आणि एका पानावर तारखांनुसार सगळं लिहून काढा: कधी दुखलं, कुठली गोळी किती दिवस, वजन किती. चार पानी पत्र लिहिणाऱ्या तुम्ही, हे तुम्हाला सहज जमेल. डॉक्टरांना मात्र एकच पान द्या.

‘पुढच्या आठवड्यात’ची घाई खरंच आहे का, हेही विचारायला हवं. 52 किलोचं शरीर, रक्त कमी, अंगात स्टेरॉइड. अशा वेळी सांधा गळण्याची, पू होण्याची भीती वाढते. काही आठवडे हातात असतील तर जाणती टीम ते वाया घालवत नाही. स्टेरॉइड उतरवत नेतात (स्वतःहून एकदम बंद करायचं नाही, ते धोक्याचं असतं), पातळ पौष्टिक आहारावर ठेवून वजन भरतात, लोह शिरेतून देतात, पोटात पू असेल तर आधी सुईने काढतात. तुमचा भाऊ सिगारेट ओढतो का, हे पत्रात नाही. ओढत असेल तर आजच बंद. ऑपरेशननंतर क्रोन्स परत यायला सिगारेटचा मोठा हातभार लागतो. दुखणं कमी करायला परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्याही टाळायच्या.

पण हे सगळं पोट शांत असेल तरच. उलट्या थांबेनात, पोट फुगलं, गॅस-शौच बंद झालं, किंवा थंडी वाजून ताप आला आणि पोट कडक झालं, तर मुंबई-पुणे विसरा. जवळ जिथे सर्जन आणि आयसीयू आहे तिथे, मध्यरात्र असली तरी. त्या रात्री जीव वाचवणं एवढंच काम, आणि ते तुमचे हे सर्जन उत्तम करतील. त्यासाठी तरी त्यांच्याशी संबंध तोडू नका.

मुंबईच का, हा वडिलांना प्रश्न. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री बसलं की सकाळी पोचतो, खरं आहे, आणि केईएमसारख्या मोठ्या सरकारी-पालिका रुग्णालयात पोटाच्या सर्जरीचा स्वतंत्र विभाग असतो हेही खरं. पण क्रोन्सचं काम एका ऑपरेशनने संपत नाही. सोबत राहायला कोण, घरी आल्यावर दहाव्या दिवशी ताप आला तर दाखवायचं कुणाला? आपल्या भागातली माणसं मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वानलेस डॉक्टरांच्या काळापासून मिरजेला जातायत, सव्वाशे वर्षं होऊन गेली. बेळगाव, पुणेही आहे. आधी कोल्हापूर-मिरजेतल्या पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. बाहेर ऑपरेशन ठरलं तर दोन गोष्टी पक्क्या करा: डिस्चार्जनंतर पंधरा दिवस त्याच गावात राहायचं, आणि पुढचं बघायला इथले एक डॉक्टर आधीच ठरवायचे, ज्यांच्याकडे तिकडच्या सर्जनचा नंबर असेल.

रान विकायच्या आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण प्रत्येक रुग्णालय प्रत्येक ऑपरेशनसाठी योजनेत नसतं. त्या-त्या ठिकाणच्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) एमआरआयचा रिपोर्ट दाखवून ‘हेच ऑपरेशन इथे बसतं का’ असं विचारा. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही विचारता येईल. धर्मादाय रुग्णालयांना काही खाटा गरिबांसाठी मोफत आणि सवलतीत ठेवाव्या लागतात, तेही लक्षात असू द्या. सगळा पैसा ऑपरेशनमध्ये ओतू नका. नंतर आजार आटोक्यात ठेवणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं लागली तर तो खर्च चालूच राहतो. ती लागतील का, आधी टीबीची तपासणी कधी करायची, हे ऑपरेशनपूर्वीच बोलून घ्या.

आता आईंची पिशवी. ती नक्की लागेल असं नाही. लागली तर बहुधा तात्पुरती, काही महिन्यांनी बंद करण्यासारखी. अशक्त माणसाचा सांधा भरेपर्यंत त्याला विश्रांती द्यायची असते. पिशवी टाळणारा सर्जन शूर आणि लावणारा कच्चा, हा समज मी वॉर्डात फार महाग पडलेला पाहिलाय. विचारायचं ते हे: लागलीच तर जागा आधी कोण ठरवणार? चांगल्या ठिकाणी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला बसवून, उभं करून, वाकवून, पँटचा पट्टा कुठे येतो ते बघून पोटावर खूण करतात. तुमचा भाऊ दिवसभर उभा राहून काम करणारा. चार बोटांचा फरक पडला तर पट्ट्याखाली पिशवी चुरगळते. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही पिशवी असलेल्यांसाठी काम करणारी संस्था आहे. आईंना तिथल्या कुणा अनुभवी माणसाशी फोनवर बोलू द्या. माझ्या शंभर शब्दांनी जे होणार नाही ते त्या फोनने होईल.

शेवटी, ताई, एक खटकलेलं. पत्र दोनदा वाचलं. मामा काय म्हणाले ते आहे, वडील, आई, चुलतभाऊ, शेजारच्या काकूसुद्धा आहेत. भाऊ काय म्हणतो, ते कुठेच नाही. पोट त्याचं आहे. त्याला कशाची जास्त भीती आहे, दुखण्याची, पिशवीची, नोकरी जाण्याची की तुम्ही रान विकाल याची, हे कुणी विचारलंय का? तो 29 वर्षांचा आहे आणि संमतीच्या कागदावर सही त्याचीच लागणार आहे. दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा आधी त्याला एकट्याला आत जाऊ द्या. दहा मिनिटं तुम्ही बाहेर बाकावर बसा, मग आत जा. आणि ती फाईल आजपासून त्याच्याच हातात द्या.